विंचू, यती आणि अक्का

एकनाथांचे विंचवाचे भारूड मी गेली अठरा वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवीत आलो आहे. पैठण आमच्या मुकुंदवाडीपासून पन्नासेक किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या मुलांना नाथ पाठ्यपुस्तकाआधी घरातच भेटलेले असतात. विंचू म्हणजे विकार, दाह म्हणजे आसक्ती आणि उतारा म्हणजे सात्त्विक वृत्ती, एवढी उकल फळ्यावर लिहिली की तास संपतो. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, पण खराच विंचू चावल्यावर माणूस थरथरतो कशाने?" तिच्या आजोबांना कडब्याची पेंढी उचलताना विंचू चावला होता. "अगं, ते सायन्सच्या सरांना विचार," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

प्रश्न घरापर्यंत सोबत आला, कारण घरी अक्का आहे. अक्का माझी थोरली बहीण. तिला लहानपणापासून फेफरे येते. आमच्याकडे कुणी त्याला मिरगी म्हणे, कुणी आकडी, तर पुष्कळजण 'बाहेरचे आहे' म्हणून मोकळे होत. झटका आला की कुणी कांदा फोडून नाकाशी धरी, कुणी चप्पल. तिच्या थरथरणाऱ्या देहालाही आम्ही भारुडासारखेच वाचीत होतो : कुलदैवताचा कोप, मागल्या जन्मीचे पाप, मनात दडपलेली इच्छा. यातला शेवटचा अर्थ, सांगायला लाज वाटते, एम. ए. करताना मानसशास्त्रीय समीक्षेची दोन पुस्तके वाचून मीच लावला होता.

त्या मुलीला उत्तर द्यावे म्हणून वाचू लागलो. पहिले नाव भेटले ते शेजारच्या जालना जिल्ह्यातून कोकणात गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे. महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे घाम, ओकाऱ्या आणि फुप्फुसात साचणारे पाणी यांनी दगावत. बावस्करांनी उशाशी बसून ही लक्षणे टिपली, 'लॅन्सेट'मध्ये लिहिली आणि १९८०च्या दशकात रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवले. जिथे सुमारे ४० टक्के रुग्ण दगावत, तिथे ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

थरथरीचे उत्तर त्याच विषात होते. मज्जापेशी विजेच्या सूक्ष्म लहरींनी एकमेकींना निरोप देतात. सोडियमचे भारित कण पेशीत शिरले की लहर उठते; पोटॅशियमचे कण बाहेर पडले की ती निवते. पेशीच्या पटलातील प्रथिनांची जी दारे पोटॅशियमला वाट देतात, त्यांना पोटॅशियम चॅनेल म्हणतात. आपल्या छंदःशास्त्राच्या भाषेत सोडियम हा उच्चार, तर पोटॅशियम ही यती. लाल विंचवाच्या विषातील काही घटक सोडियमची दारे मिटू देत नाहीत, काही पोटॅशियमची दारे बुजवतात. लहर उठते, पण निवत नाही.

१९९० साली याच विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचे अवघ्या ३७ अमिनो आम्लांचे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते कॅल्शियमच्या इशाऱ्याने उघडणारे विशिष्ट पोटॅशियम दार नेमके ओळखते आणि त्याच्या तोंडाशी बुचासारखे बसते. मेंदूत ते दार कुठे काय काम करते, हे शोधायला संशोधकांनी विंचवाचे विषच हाताशी धरले. पोटॅशियम दाराची प्रत्यक्ष रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये दाखवली. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. त्याच १९९८ साली, जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळांना झटके येणाऱ्या कुटुंबांत अशाच दुसऱ्या दारांच्या जनुकांतील दोष सापडले. तेथे यती कमी पडत होती. २००५ मध्ये एका कुटुंबातील अपस्माराशी आयबेरिओटॉक्सिनने बुजणाऱ्या दाराचाच दोष जोडला गेला. तेथे दार गरजेहून अधिक उघडत होते. यती हरवली तरी छंद मोडतो, अति झाली तरी मोडतो.

अर्थात सगळे अपस्मार या दारांशीच सुरू होत नाहीत. डोक्याला मार, मेंदूतील गाठ, पट्टकृमीचा संसर्ग, कारणे अनेक. अक्काच्या बाबतीत ते कुणी तपासलेले नाही, आणि रात्रीची गोळी तिला त्यावाचूनही लागू पडते. मात्र ती गोळी सुरू व्हायला उशीर झाला, तो आमच्या अर्थ लावण्यामुळे.

त्या उशिराची किंमत तिने मोजली. १९९३ साली लग्न झाले, दोन वर्षांत मोडले. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांशेजारीच अपस्माराचे झटके येऊन बसले होते. त्या आधारे विवाह रद्द ठरवून घेता येत असे. १९९९च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द तेथून वगळला. तोवर अक्का माहेरी परतून चार वर्षे झाली होती.

हे सारे मी एका संध्याकाळी तिला वाचून दाखवले. ती गवारीच्या शेंगा मोडीत होती. शेवटी म्हणाली, "एवढंच होतं होय रे?" आणि पुन्हा शेंगा मोडू लागली. मला पुढे काही बोलता आले नाही.

नाथांच्या भारुडाचे मोल याने कमी होते, असे मला वाटत नाही, उलट वाढते. ते भारूड ऐकणाऱ्या सोळाव्या शतकातल्या माणसाला खरा विंचू ठाऊक होता, म्हणून तर विकाराचा विंचू त्याला झोंबला. रूपक देहाच्या उसनवारीवर जगते. आम्ही शिक्षक ते उसने विसरतो आणि मग देहालाच रूपक समजू लागतो.

या वर्षी भारूड शिकवताना आधी विंचू शिकवला. वर्गात कुणाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल शोधू नका आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर दवाखान्यात न्या, हेही सांगितले. तास पुरला नाही. विकाराचा विंचू दुसऱ्या दिवसावर गेला.