'हरकत नाही' म्हणजे काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत एक नोटीस आली. शेजारच्या आत्याबाईंनी ती स्वतः वाचली. साक्षरता वर्गात शिकलेल्या त्या, अक्षर न् अक्षर बरोबर. कागदाची घडी करीत म्हणाल्या, "काळजी नको. हरकत नाही, असंच लिहिलंय."

आम्हीही निश्चिंत झालो. दोन दिवसांनी आमच्या कॉलेजातल्या मुलीने तो कागद पाहिला आणि ओरडलीच, "अहो आत्या, मुदतीत काही कळवलं नाही, तर तुमची हरकत नाही असं धरून चालणार आहेत ते!"

रोजच्या बोलण्यात 'हरकत नाही' म्हणजे 'चालेल'. आत्याबाईंच्या मनात तोच अर्थ आधी उभा राहिला. कागदावरची हरकत म्हणजे विरोध. त्यात ते वाक्य सहा ओळींचे! मराठीत क्रियापद शेवटी येते. तिथवर पोचेपर्यंत 'मुदतीत न कळविल्यास' ही आधीची अट ध्यानातून निसटली.

यात आत्याबाईंचा दोष नव्हता. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, लिहिले की माणूस एका वेळी साधारण सातच सुट्या गोष्टी ध्यानात धरू शकतो. पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारपर्यंत खाली आणला. ओळखीच्या शब्दांची मात्र मोळी बांधता येते. मग ती एकच गोष्ट होते. 'उपरोक्त', 'गृहीत' असे अनोळखी शब्द आले की मोळी सुटते.

नुसते पाठ असूनही भागत नाही. लहानपणापासून आम्ही पंचशील म्हणत आलो. पण 'वेरमणी' म्हणजे 'अलिप्त राहणे' हे कळले, तेव्हा पाचही शीले एकदम उलगडली, कारण तो शब्द पाचांतही आहे.

आत्याबाईंची हरकत शेवटच्या दिवशी दाखल झाली, पोचही मिळाली. तेव्हापासून रविवारी वंदनेनंतर कुणाचा कागद असेल तर आम्ही विहारात मोठ्याने वाचतो. कोणी, काय करायचे, कधीपर्यंत, नाही केले तर काय, असे वाक्याचे तुकडे पाडतो. अडलेला शब्द विचारायला तिथे लाज नाही. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, ते नुसती अक्षरे जुळवण्यासाठी नव्हे.

आता कुणी सहज 'हरकत नाही' म्हटले, की आत्याबाई हसून विचारतात, "कोणती? घरातली की कागदावरची?"