तीन मिनिटांचे झिंगे

माझं वय सत्तेचाळीस. जन्म नेवाशाचा, शेती प्रवरासंगमाच्या अलीकडे, नाथसागराच्या पाण्याला लागून. आणि झिंगे नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून खातात, हे मला गेल्या ऑक्टोबरपर्यंत ठाऊक नव्हतं! शेंगा उकडल्या, कणसं उकडली, रताळी उकडली, अंडी उकडली. सगळी हयात उकडण्यात गेली. पण झिंगे आले की काळा मसाला, खोबरं, कांदा भाजून वाटण आणि वर बोटभर तर्री. त्या तर्रीखाली झिंगा होता की वांग्याचा देठ, कुणी विचारलं नाही.

भाचा ह्यूस्टनहून दिवाळीआधी आला होता. अंगणात बसून मोबाइलवर व्हिडिओ दाखवू लागला. घरामागच्या हिरवळीवर एक अवाढव्य पातेलं, खाली गॅसचा जाळ, आत बटाटे, कणसं, झिंगे, आणि मग ते सगळं एका लांब टेबलावर ओतलेलं. ताटं नाहीत, चमचे नाहीत. तीस-चाळीस माणसं उभ्याउभ्या हातानं सोलून खातायत. मी म्हटलं, ‘‘अरे, हे तर हुरड्यासारखं झालं!’’ तो म्हणाला, ‘‘मामा, मग करूया की.’’

बस. त्या ‘करूया की’नंतर मला चार दिवस झोप नाही.

पहिली अडचण आईची. नेवासं म्हणजे ज्ञानोबांचं गाव. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली, ज्या खांबाला टेकून सांगितली तो पैसाचा खांब आजही मंदिरात उभा आहे. ‘‘गावात असलं काही उकळायचं नाही,’’ हा हुकूम. रानात चालेल, पण वार बघून. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार तर नाहीच, शिंगणापूर याच तालुक्यात आहे. रविवार निघाला. मग कालनिर्णय उतरवून एकादशी नाही, चतुर्थी नाही, हे तिनं दोनदा तपासलं. ती स्वतः माळकरी, खाणार नव्हतीच.

दुसरी अडचण झिंग्यांची. प्रवरासंगमाच्या पुलाजवळ मासे तळणाऱ्या हॉटेलांना माल देणारे एक मामा आहेत, त्यांना बेचाळीस माणसांपुरते सांगितले. ते आधी हसले. ‘‘लग्न हाय का काय?’’ मग त्यांनी समजावलं की आपल्या गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याचं डोकंच जवळपास निम्म्या वजनाचं असतं, त्यामुळे माणशी पाव किलोचा हिशेब धरू नको, बेचाळीस माणसं उपाशी जातील. मग माणशी तीनशे ग्रॅमच्या वर धरून चौदा किलो ठरले. त्यांच्याकडूनच एक नवल कळलं. या मोठ्या जातीच्या पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे मचूळ पाणी लागतं, निव्वळ गोड्या पाण्यात ती जगत नाहीत. गोदावरी समुद्राला मिळते थेट आंध्रात, आणि मध्ये धरणांवर धरणं. म्हणून तलावात त्यांचं बी बाहेरून आणून सोडतात. जन्म मचूळ पाण्यात, वाढ गोड्या पाण्यात आणि शेवट आमच्या खारट भगुण्यात!

भगुणं आचाऱ्याकडून भाड्यानं आणलं, लग्नात बुंदीच्या पाकाला वापरतात ते. सोबत भजी काढायचे दोन मोठे झारे. पन्नास लिटर पाणी आणि त्यात दीड किलो खडे मीठ. वहिनी किंचाळल्या. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, आपण तीसवरच थांबलो, हे भाच्यानं कागदावर मांडून दाखवलं. मसाल्याची तिकडची पुडी त्यानं आणली होती. मी मागची यादी वाचायला लावली तर काय, मोहरी, धने, तमालपत्र, लवंग, लाल मिरची! सगळं आमच्या डब्यातलं. पुडी तशीच ठेवून दिली. जुन्या मलमलीच्या धोतराचा तुकडा धुऊन त्यात हे सगळं अख्खं बांधलं, मिरे टाकले, लसणाचे गड्डे आडवे कापून टाकले आणि पोटली पाण्यात सोडली. वरून वीस लिंबं पिळून सालंही आत.

आता क्रम. सगळा खेळ क्रमाचा आहे. ज्याला जास्त वेळ लागतो ते आधी. ओल्या शेंगा सगळ्यात आधी, त्यांना अर्धा-पाऊण तास हवा. मग लहान बटाटे सालासकट आणि अख्खे छोटे कांदे. मग अंडी. तिकडे सॉसेज घालतात, आपल्याकडे अंडी बरी. शेवटी कणसांचे तुकडे. आणि बटाट्यात सुरी अलगद गेली की मगच झिंगे.

शेंगा ही माझी भर, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तर भाचा म्हणतो, अमेरिकेच्या दक्षिणेतही ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून रस्त्याकडेला विकतात. माझा शोध तिथेच बुडाला. त्यानं आणखी एक सांगितलं. दक्षिण कॅरोलिनात सेंट हेलेना बेटावर फ्रॉगमोर नावाची वस्ती आहे, तिच्या नावानं हाच पदार्थ ‘फ्रॉगमोर स्ट्यू’ म्हणून ओळखला जातो. तिथले मासळीचे व्यापारी रिचर्ड गे यांनी १९६०च्या दशकात नॅशनल गार्डच्या शंभरेक जवानांसाठी हाताशी होतं ते एका भांड्यात उकळलं, असं तिकडे सांगतात. नावात बेडूक आहे म्हणून आमच्या दाजींनी भगुण्यात दोनदा वाकून बघितलं.

झिंगे सोलायचे नाहीत! हे मला सगळ्यात आवडलं. मिशा छाटायच्या, पाठीवरून कात्री चालवून काळा दोरा ओढून काढायचा, कवच तसंच. कवचामुळे मांस आत ओलं राहतं. तिघी काकू आणि पाच पोरं तासाभरात मोकळी झाली.

आणि मग मी माती खाल्ली. सात किलोचा पहिला घाणा सोडला आणि मी फोटो काढायला लागलो. चूल बाभळीच्या ओंडक्यांची, जाळ शांत. गार झिंगे पडले तसं पाणी निवलं, उकळी परत येईना, मला वाटलं अजून कच्चेच आहेत. आठ-नऊ मिनिटं गेली. काढले तेव्हा एकेक झिंगा आवळून गोल वेटोळं झालेला, चावला की रबर. दाजी म्हणाले, ‘‘ट्यूब पंक्चरला चालंल.’’

दुसऱ्या घाण्याला झिंगेवाले मामा स्वतः चुलीपाशी बसले. त्यांनी ओंडके मागे ओढले आणि गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा भारा आत सारला. धडाडून जाळ! पऱ्हाटी भसकन पेटते, भसकन विझते. आणि इथे नेमकं तेच हवं होतं, दोन-तीन मिनिटांचा दांडगा जाळ. पाणी खळाळलं, झिंगे पडले, आणि राखाडी-निळसर रंग बघता बघता केशरी झाला. तो रंग आधीपासून कवचात असतोच, एका प्रथिनानं तो बांधून ठेवलेला असतो, उष्णतेनं प्रथिन मोडतं आणि रंग सुटतो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी लहान पोरासारखा ओरडत होतो, ‘‘बघा, बघा, बघा!’’ तीन मिनिटं. एक मोडून बघितला, मांस आतपर्यंत पांढरं, काचेसारखी झाक कुठेच नाही. अंग अर्ध्या चंद्रासारखं वाकलेलं. ‘‘काढा!’’ पऱ्हाट्या ओढल्या, झारे चालले.

टेबल नव्हतं. ताडपत्री अंथरली, त्यावर केळीची पानं लांबच लांब. तिकडे वर्तमानपत्रं अंथरतात, पण छपाईची शाई पोटात कशाला? पानांवर सगळं ओतलं तेव्हा वाफेचा लोट उठला आणि बेचाळीस माणसं एका क्षणी गप्प झाली. आमच्या भावकीत हे बांधाच्या मोजणीलाही होत नाही.

बाजूला घरच्या लोण्यात लाल मिरची-लसणाचा ठेचा विरघळवून ठेवला होता. झिंगा सोलायचा, लोण्यात बुडवायचा, तोंडात. काय गोडी! सत्तेचाळीस वर्षं मी तर्रीच्या खाली ही गोडी पुरत होतो! बटाट्याला मोहरी-लसणाचा वास, कणसाच्या दाण्यादाण्यात मीठ, शेंगा फोडल्या की आतून खारट-तिखट पाण्याची चिळकांडी. एका वहिनींना झिंग्यानं अंगावर पित्त उठतं, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं म्हणून त्यांच्यासाठी बटाटे-कणसं वेगळ्या पातेल्यात केली. तुम्ही करणार असाल तर हे प्रत्येकाला आधी विचाराच.

दाजींना रस्सा हवाच होता. उरलेलं पाणी इतकं खारट की तसं घेता येईना. मग झिंग्यांची डोकी तेलात परतून, त्यात दोनच डाव ते पाणी आणि बाकी साधं घालून, काळ्या मसाल्याचा रस्सा त्यांनी स्वतः केला. बाजरीच्या भाकरीशी संपला. मी वाद घातला नाही.

वडील पलीकडे बाजेवर बसून सोलत होते. समोर पाणी भरलेलं होतं, पैठणचं धरण १९७६ मध्ये झालं आणि आमची खालची निम्मी जमीन त्या पाण्याखाली गेली. त्यांनी कवच पानाच्या कडेला ठेवलं, पाण्याकडे हात केला आणि म्हणाले, ‘‘तिथं आपली हीर होती. हे आपल्याच रानातलं पीक हाय, खा.’’

यंदा भगुणी दोन सांगितलीत आणि पऱ्हाट्या आधीच रचून ठेवल्यात. रविवार ठरला आहे, कालनिर्णय मी स्वतः बघितलं आहे. कुणी येणार असेल तर लोणी घेऊन या, गेल्या वेळी तेवढंच कमी पडलं.