वाहते पाणी

प्रवाळ हा जागचा न हलणारा प्राणी. त्याला अन्न आणि प्राणवायू आणून द्यायचा, अंगावरचा मळ वाहून न्यायचा, तो पाण्यानेच! आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा ते घरी आणण्याची गोष्टच नको. पण अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने आपल्या दिवाणखान्यात २०० लिटरांचा समुद्रच मांडला आहे.

"काका, मासे सोपे. खरी कसोटी पाणी किती हलवायचं याची," तो म्हणाला. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या १० ते २० पट पाणी फिरले की पुरते. फांद्या फुटणाऱ्या ॲक्रोपोराला ४० पटही लागते. म्हणजे ताशी ८,००० लिटर! आणि तेही सरळ धारेने नव्हे. धार एकाच जागी बसत राहिली, तर मांस सुटून पांढरा सांगाडा उघडा पडतो. म्हणून समोरासमोरचे दोन पंप आळीपाळीने चालवायचे. पाणी लाटेसारखे हेलकावते.

मला नवल वाटले ते पुढेच. प्रवाह कमी पडला तरी प्रवाळ मिटतो, अन् जास्त झाला तरी मिटतो! मग ओळखायचे कसे? अंगावर गाळ बसला असेल, तर पाणी पोचत नाही. तंतू एकाच बाजूला दाबले गेले असतील, तर धार बोचते आहे. दोहोंचे उपाय अगदी उलटे, आणि निदान चुकले तर जीव जायचा.

वर्गात मागच्या बाकावर एखादी मुलगी मिटून बसलेली असते. माझे शब्द तिच्यापर्यंत पोचत नाहीत, की थेट अंगावर येतात? आवाज चढवण्यापूर्वी मी क्षणभर तिच्याकडे पाहतो.