आधी मांडामांड

निवृत्त झाल्यावर माणूस एक तर देवाच्या नादी लागतो, नाही तर घरच्यांच्या पाठी. शेख महंमद महाराजांच्या श्रीगोंद्यात राहून मी खरं तर पहिल्या वाटेनं जायचा. पण लागलो सर्किट बोर्डाच्या नादी! त्याला कारण आमची घरामागची लिंबाची बाग. शेतीची वीज यायची ती नेमकी आमच्या साखरझोपेत. तेव्हा वीज आली की पंप आपोआप सुरू करणारी पेटी घरीच बनवायची, असा मी घाट घातला.

बोर्डाचा आराखडा काढायला किकॅड नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. फ्रान्समधल्या झाँ-पिएर शारास यांनी तो १९९२ साली सुरू केला. पुढे जिनिव्हाजवळच्या 'सर्न'नंही त्याला हातभार लावला. अणूची खोड मोडणाऱ्या मंडळींचं हत्यार आमच्या लिंबांच्या सेवेला, म्हणून मला कोण अभिमान!

संगणक मात्र पुतण्यानं टाकून दिलेला. एक रेझिस्टर सरकवला की तो चिंतनात जाई. मी चहा पिऊन येईपर्यंत रेझिस्टर जेमतेम उंबरठा ओलांडी. शेवटी पुण्याला पुतण्याला फोन केला.

"काका, तुम्ही काहीही हलवलं की तो बोर्डावरचं सगळं तांबं पुन्हा भरत बसतोय. ते आपोआप भरणं बंद करा, शेवटी एकदाच भरा. आणि ग्राउंडच्या जोडरेषा तूर्त लपवा."

या जोडरेषांच्या गुंत्याला इंग्रजीत 'उंदराचं घरटं' म्हणतात. ते आवरलं आणि यंत्र घोड्यासारखं धावू लागलं. मग काय विचारता! सगळे कपॅसिटर मी एका कडेला, कवायतीच्या मुलांसारखे ओळीत उभे केले. बोर्ड बनून आला. देखणा होता.

वीज आली. खट्! कॉन्टॅक्टर ओढला गेला, चिपला झटका बसला, ती बेशुद्ध पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू. खट्! पुन्हा तेच. तीन रात्री हाच कार्यक्रम. बागेत पाण्याचा थेंब नाही. चैत्राचं ऊन, वाटाण्याएवढी लिंबं गळून झाडाखाली पडली. ती मोजायची माझी हिंमत झाली नाही.

बोर्ड स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडला होता. हिनं विचारलं, "हे ओळीतले कोण?"

"कपॅसिटर. चिपला एकदम वीज लागली तर जवळची शिदोरी."

"जवळची? ती इथे आणि शिदोरी वेशीवर! मोहरी तडतडल्यावर हिंग आणायला मी माळ्यावर जायचं का?"

अस्मादिक गप्प. लांबच्या वाटेनं वीज वेळेवर पोचत नाही, हे मी पुस्तकात दोनदा वाचलं होतं.

पुन्हा मांडणी केली. तारा जोडायचे खटके आधी कडेला, मग मधोमध चिप, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तिच्या वीज घेणाऱ्या पायाला अगदी खेटून, क्रिस्टल शेजारी, आणि तो दांडगा रिले पार दुसऱ्या टोकाला. गंमत म्हणजे एकही तार ओढण्याआधी उंदराचं घरटं निम्मं सुटलं.

नवा बोर्ड लावला त्या रात्री दोन वाजता 'खट्' झालं. एकदाच. पाठोपाठ मोटारीचा घुमारा. मी अंधारात पाटाचं पाणी ऐकत उभा राहिलो.

आतून आवाज आला, "लागला का पंप?"

"लागला!"

"मग त्या मिठाच्या डब्यातले स्क्रू काढा. चार दिवस शोधतेय मी तो."