पाहुण्याची परीक्षा

संगणकाची कार्यप्रणाली बदलणें म्हणजे बिऱ्हाड बदलणें, असें कित्येक जण सहज बोलून जातात. आम्हांस ही उपमा अर्धीच पटते. बिऱ्हाड बदलणारा मनुष्य जुन्या घराची किल्ली चार दिवस तरी जवळ बाळगतो. नव्या घरीं नळाला पाणी केव्हां येतें, स्वयंपाकघरांत धूर कोंडतो कीं काय, हें पाहून मग सामानाची शेवटची खेप आणतो. कार्यप्रणालीच्या बाबतींत ही सवड बहुधा मिळत नाहीं. नवी यावयाची तर जिच्या आधारावर आपले कागद, छायाचित्रें व हिशेब उघडतात त्या जुन्या प्रणालीसच जागा रिकामी करून द्यावी लागते. जुनें घर पाडून त्याच पायावर नवें बांधावें, आणि त्यांत राहतां येतें कीं नाहीं हें मागाहून पाहावें, असा हा प्रकार आहे.

आमच्या घरचा संगणक २०१४ सालचा. त्यावर विंडोज १० ही प्रणाली होती, आणि तिचें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. तिच्या पुढची जी विंडोज ११, तिला टीपीएम नांवाची सुरक्षेची व्यवस्था यंत्रांत असावी लागते. आमच्या यंत्रांत ती नाहीं. तेव्हां डेबियन ही मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली घ्यावी, असें ठरलें. तिची तेरावी आवृत्ति ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेली होती. आमचा भाचा मंचरला असतो. तो सुटीला आला तेव्हां म्हणाला, "मामा, तासाभरांत सगळें पुसून नवें टाकून देतों." त्याचें बोलणें संपतें न संपतें तोंच आंतून आमच्या आईचा आवाज आला, "ह्यांचें लिहिलेलें तेवढें पुसूं नका रे."

'ह्यांचें लिहिलेलें' म्हणजे आमच्या वडिलांनीं जुन्या आंबेगांवाविषयीं लिहिलेलीं ११२ पानें. आंबेगांव हें आज तालुक्याचें नांव आहे. पण तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे, आणि मूळचें आंबेगांव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें आहे. त्या जलाशयास ह्याच तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. आमचे आईवडील त्या बुडालेल्या गांवचे. घर गेलें, आळी गेली, शेजार पांगला. पुढें जुन्नरास स्थायिक झाल्यावर वडिलांनीं सेवानिवृत्तीच्या काळांत एक एक आठवण टंकून ठेविली: कोणाच्या दारांत कोणतें झाड होतें, भाताची आवणी कोणाच्या खाचरापासून सुरू होई, विहिरीला पायऱ्या किती होत्या. कागदावर काढलेली प्रत वाळवीनें खाल्ली. वडील आतां नाहींत. त्या गांवाचें आमच्या घरीं जें कांहीं उरलें आहे तें त्या फाइलींत आहे.

भाच्यानें त्या फाइलीची प्रत पेनड्राइव्हवर तत्काळ घेतली. परंतु प्रत असणें निराळें आणि ती वाचतां येणें निराळें. नव्या प्रणालींत ती उघडेल काय, ह्याचें उत्तर जुनी पुसण्याच्या आधीं हवें होतें. म्हणून त्यानें दुसरा मार्ग काढला. चालू संगणकाच्या पोटांतच एक लटका संगणक उभा करावयाचा, आणि नवी प्रणाली प्रथम त्यांत बसवावयाची. ह्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मराठींत आपण आभासी यंत्र म्हणूं. खऱ्या यंत्रास यजमान व आभासी यंत्रास पाहुणा म्हणण्याची जाणकारांची रीत आहे, आणि ती आम्हांस फार आवडली. कल्पना मात्र नवी नव्हे. आयबीएम कंपनीनें आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्हीएम/३७० ही व्यवस्था १९७२ सालींच काढली होती. तिच्या योगानें एकाच यंत्रावर काम करणाऱ्या अनेकांस आपापलें स्वतंत्र यंत्र असल्यासारखें वाटे.

यंत्रावांचून यंत्राचें काम व्हावें हें ज्यांस चमत्कारिक वाटेल, त्यांनीं आमच्याच तालुक्यांतील खोडदची रेडिओ दुर्बीण आठवावी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती झाली आहे. त्या सर्वांनीं टिपलेले संकेत एकत्र गुंफण्याचें काम आरंभीं त्यासाठींच घडविलेलीं विद्युत्-मंडलें करीत; २०१० च्या सुमारास तेंच काम बाजारांत मिळणाऱ्या संगणकांवर, लिहिलेल्या आज्ञांच्या बळावर होऊं लागलें. आभासी यंत्र त्याच जातीचें आहे. त्याची डिस्क, त्याचा पडदा, सारें आज्ञांनीं रचलेलें.

बसविण्याचा विधि असा झाला. व्हर्च्युअलबॉक्स हें मोफत सॉफ्टवेअर प्रथम विंडोजमध्यें घातलें. यंत्र सुरू होतांना बायॉसच्या पडद्यावर जाऊन अशा आभासी यंत्रांस लागणारी परवानगी, जी बंद होती, ती चालू केली. मग पाहुण्याचा शिधा ठरला: ८ जीबी मेमरीपैकीं ३ जीबी, आणि डिस्कवर ३० जीबीपर्यंत वाढूं शकणारी एक फाइल. डेबियनची आयएसओ फाइल त्याच्या स्वाधीन करून त्यास जागें केलें. भाषांच्या यादींत मराठी होती. ती तेथें २००९ सालच्या पांचव्या आवृत्तींत आली. आम्हीं तीच निवडली. पुढें पडद्यावर प्रश्न आला कीं, संपूर्ण डिस्क वापरावी काय? आई खुर्चीच्या मागें उभी होती. तिनें आमचा हातच धरला. भाचा हंसून म्हणाला, "आजी, पाहुण्याला जी खोली दिली तेवढेंच त्याचें जग. तो 'संपूर्ण' म्हणतो, तें त्या एका फाइलीला." मध्यंतरीं वीज गेली आणि पाहुणा अर्धवट राहिला. तो पुसून दुसरा केला. यजमानाचें कांहींच बिघडलें नाहीं.

खरी परीक्षा पुढें होती. बातम्या उघडणें, गाणीं वाजविणें, हिशेबाचे तक्ते दाखविणें ह्यांत पाहुणा जरा मंद चालीनें, पण बिनचूक उतरला. मग वडिलांची फाइल त्याच्या हातीं दिली. पडद्यावर उमटलें तें रोमन अक्षरें, कंस आणि टिंबें ह्यांचें कडबोळें. फाइल शाबूत होती. अर्थ तेवढा नाहींसा झाला होता. युनिकोड घरोघर पोंचण्यापूर्वीं मराठीचे पुष्कळसे फॉन्ट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार चढवीत. संगणकाच्या लेखीं तेथें इंग्रजी अक्षर असे; तो विशिष्ट फॉन्ट असला तरच डोळ्यांस मराठी दिसे. नाणेघाटाच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेख शतकानुशतकें खडकावर होता, घाट चढणारे त्याच्या जवळून जात. परंतु १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यांनीं ब्राह्मी लिपीचा उलगडा करीपर्यंत असलीं अक्षरें कोणास लागत नव्हतीं. दगडावरच्या अक्षरांचें जें दीर्घ काळांत झालें, तें आमच्या फाइलीचें वीस-बावीस वर्षांत होऊं पाहत होतें.

जुना फॉन्ट पाहुण्याकडे नेऊन ठेवतांच पानें पुन्हां मराठी झालीं. पण तें समाधान उसनें होतें, कारण तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याहि यंत्रावर पुन्हां तेंच कडबोळें दिसणार. म्हणून रूपांतर करणें आलें. तें यंत्रानें क्षणांत केलें, पण निर्दोष केलें नाहीं. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं साठविलेली, युनिकोडांत ती नंतर. रफार तेथें शेवटीं, तर येथें आरंभीं. ह्या उलथापालथींत कांहीं शब्द मोडले. 'पायऱ्या' हा शब्द जेथें जेथें होता तेथें तेथें 'पाय-या' असा दुभंगला. तेव्हांपासून रोज संध्याकाळीं आम्ही दोन पानें मोठ्यानें वाचतों, आई ऐकते, आणि मोडलेलें नीट करीत जातों. विहिरीचें पान आलें त्या दिवशीं आम्ही वाचलें कीं, पायऱ्या सोळा होत्या. आई म्हणाली, "सतरा. पाणी भरतांना रोज मोजल्यात मीं." वडिलांचा आंकडा आम्हीं तसाच ठेविला आहे, आणि खालीं आईचा लिहिला आहे. आतां पाण्याखालीं जाऊन मोजणार कोण?

नवी प्रणाली घरांत घेणाऱ्या कुटुंबांस आमचें एवढेंच सांगणें आहे. तिच्या नव्या करामती पाहून तिची परीक्षा करूं नये. त्या करामती ती हटकून करून दाखविते. घरांतला सर्वांत जुना कागद तिच्यापुढें ठेवावा, आणि तो वाचतां येतो कीं नाहीं हें घरांतल्या वडीलधाऱ्या माणसास विचारावें. आभासी यंत्राचा खरा उपयोग हाच, कीं त्यांत ही परीक्षा जुन्याला धक्का न लावतां होते, आणि पाहुण्यास नापास करण्याची मोकळीक आपणांस राहते. आमच्या पाहुण्यास आम्ही नापास करणार नाहीं, असें दिसतें. ७० पानें तपासून झालीं आहेत. तोंवर बँकेचे व्यवहार जुन्या प्रणालीवर करावयाचे नाहींत, असा भाच्याचा दंडक आहे. उरलेलीं ४२ पानें आईनें ऐकलीं, म्हणजे मंचरला निरोप धाडूं, कीं आतां ये आणि जुनें पूस.