गवताचा भारा

मराठी भाषेने गवताला फारसा मान दिलेला नाही. एखाद्याची किंमत करायची नसली म्हणजे आपण त्याला तृणवत् लेखतो. हरलेला राजा दाती तृण धरून शरण येतो, संसार मोडला की काडीमोड होतो, आणि नडलेल्याची भांडीकुंडी काडीमोलाने विकली जातात. वर्गात हे वाक्प्रचार शिकविताना मला नेहमी वाटते, की ज्यांनी ते घडविले त्यांच्या दारात जनावर बांधलेले नसावे. शेतकऱ्याच्या घरी गवताशी नाते याहून बरेच गुंतागुंतीचे असते. ज्या हरळीच्या मुळ्या खणता खणता माझ्या वडिलांच्या तोंडून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार होत असे, तीच हरळी भाद्रपदात दूर्वा होऊन, २१-२१ च्या जुड्यांनी देव्हाऱ्यात जाऊन बसे. सकाळी शिव्या आणि संध्याकाळी नमस्कार! असे भाग्य दुसऱ्या कुठल्या वनस्पतीच्या वाट्याला आले असेल, असे मला वाटत नाही.

यंदा या गवतासाठी आमच्या वस्तीवर यंत्र आले.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात. मुलूख द्राक्षांचा. द्राक्षवेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी. छाटलेल्या काड्यांचे ढीग पूर्वी बायका चुलीसाठी घेऊन जात. घरोघर गॅस आल्यावर त्या काड्यांना कोणी विचारीना, आणि बांधावर त्यांची होळी होऊ लागली. आता त्या काड्या आणि ओळींमधले पावसाळी गवत एकदमच बारीक करून जागच्या जागी पसरणारे यंत्र आले आहे. गावात त्याला सगळे मल्चर म्हणतात. माझ्या पुतण्याने, त्याने शेतकीची पदविका घेतलेली असल्यामुळे, त्याचे खरे नाव ‘फ्लेल मोव्हर’ असल्याचे मला सांगितले. मास्तर माणूस, शब्दकोश उघडल्याशिवाय मला चैन पडेना. फ्लेल म्हणजे चामड्याच्या वादीने एकमेकांना जोडलेले दोन दांडके. युरोपातले शेतकरी त्याने धान्य झोडपीत. आपल्याकडे खळ्यात तिवड्याभोवती बैलांची पात फिरे. तिकडे तेच काम माणसांचे हात करीत.

यंत्र पाहिले तेव्हा नावाची खूण पटली. ट्रॅक्टरच्या मागे टांगलेली एक बुटकी, रुंद लोखंडी पेटी. तिच्या पोटात आडवा रूळ, आणि त्या रुळाला ओळीने लटकवलेली, हाताच्या पंज्याएवढी पाती. ही पाती घट्ट बसविलेली नसतात. ती बिजागरीवर सैल झुलतात. यंत्र थांबलेले असताना खाली वाकून पाहिले, तर वडाच्या फांदीला वटवाघळे लोंबकळावीत तशी ती दिसतात. ट्रॅक्टरचा मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. गिअर आणि पट्टे ते फेरे वाढवीत नेतात, आणि आतला रूळ मिनिटाला २००० च्या घरात फिरू लागतो. त्या वेगानेच पाती ताठ उभी राहतात. दगड आडवा आला तर पाते मागे दुमडते, दगडाला वाट देते, आणि पुढच्या फेऱ्याला पुन्हा ताठ होते. घट्ट बसविलेले असते तर मोडले असते.

“पण काका, तार सापडली तर संपलं,” पुतण्या म्हणाला. “रुळाला गुंडाळते. तासभर खाली पडून सोडवत बसावं लागतं. आणि यंत्र पुरतं थांबल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही.”

ही शेवटची गोष्ट त्याने दोनदा सांगितली, ते मला आवडले. फिरणारा दांडा धोतर ओळखत नाही आणि लुगड्याचा पदरही ओळखत नाही. मळणीयंत्रांत माणसांचे हात इतके गेले, की १९८३ साली केंद्र सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

बागेतले काम अर्ध्या दिवसात आटोपले. तिथे वाद घालण्यासारखे काही नव्हते. द्राक्षांवर मोरचुदाचे आणि आणखी कशाकशाचे फवारे मारलेले असतात. ते गवत शहाणा माणूस जनावराला घालीतच नाही. प्रश्न निघाला तो ओढ्याकाठच्या पाऊण एकराचा.

हा तुकडा वडिलांच्या वेळेपासून पडीक. वरच्या अंगाला मारवेल आणि पवन्या, मध्ये कुसळी, आणि ओढ्याकडेला घाणेरीचे जंगल. घाणेरी ही आपल्याकडची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात ती शोभेची म्हणून आणली गेली, आणि मग कुंपण ओलांडून साऱ्या देशभर हिंडली. गुरे तिला तोंड लावीत नाहीत; लावले तर आजारी पडतात. तिच्या जोडीला गाजरगवत. ते पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आले, आणि अमेरिकेच्या गव्हातून आले अशी साऱ्या महाराष्ट्राची समजूत असल्यामुळे त्याला ‘काँग्रेस गवत’ हे राजकीय नावही मिळाले. त्याच्या परागांनी कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, दमा उफाळतो. ते खाणारा भुंगेरा मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगलोरकडे सोडला. तो बिचारा अजून खातोच आहे, आणि गवत अजून उगवतेच आहे!

पुतण्याच्या मनात हा तुकडा साफ करून तिथे पेरू लावायचे होते. बेत चांगला होता. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यांनीही मान हलवली होती. यंत्रवाल्याने दुसऱ्या दिवशीची सकाळ दिली. ती चुकली तर पुन्हा आठ दिवसांनी पाळी. आणि त्या संध्याकाळी ओढ्यापलीकडची मावशी आली.

मावशी सत्तरीची. जमीन नाही. एक म्हैस, दोन शेळ्या आणि एक विळा, एवढे तिचे भांडवल. गेली तीस वर्षे त्या पाऊण एकरातले गवत ती कापून नेते. त्याबद्दल कधी कागद झाला नाही, की पैशांचे बोलणे निघाले नाही. म्हैस व्याली की पहिला खरवस आमच्या घरी येतो, आणि आमचा सकाळचा चहा तिच्याच म्हशीच्या दुधाचा असतो, एवढाच काय तो व्यवहार. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि पुतण्याला म्हणाली, “उद्या यंत्र घालतो म्हणं?”

पुतण्याने तिला समजावून सांगितले. बारीक केलेले गवत जमिनीवर आच्छादन होते, ओल धरून ठेवते, गांडुळे वाढतात, जमीन सुधारते. त्याचे बोलणे शब्दन् शब्द खरे होते. मावशीने ते सगळे ऐकून घेतले.

“जमिनीला घास द्यायचा, तर दे बाबा,” ती म्हणाली. “पण माझी म्हैस बी जमिनीवरच उभी हाये ना?”

कोणी काही बोलेना. मग तिनेच हिशेब मांडला. विकतचा चारा घातला तर दुधाचा पैसा चाऱ्यातच जातो. हे गवत वाळवून ती संक्रांतीपर्यंत पुरवते, त्यानंतर बाजरीचे सरमाड मिळते. गवत नसेल तर दिवाळी झाल्यावर म्हैस बाजारात न्यावी लागेल. आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडेल की नाही, हे सांगावे तसे ती सांगत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मनात नाही नाही ते येत होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. डोंगर आणि गायराने जंगलखात्याने ताब्यात घेतल्यावर गरिबाच्या गुरांनी चरावे कुठे, हा सवाल त्यात त्यांनी मोठ्या पोटतिडकीने केला आहे. त्यानंतर साठ वर्षांनी ठाणे जिल्ह्यातले वारली उठले, तेही गवतावरूनच. तिथले गवत मुंबईच्या तबेल्यांसाठी जाई. जमीनदार ते वारल्यांकडून कवडीच्या मजुरीवर कापून घेत. ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, म्हणून १९४५ च्या ऑक्टोबरात त्यांनी विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या त्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत आहे; मी ते दरवर्षी एकदा वाचतो. ज्या वस्तूला भाषेने काडीची किंमत दिली नाही, तिच्यासाठी माणसे मेली आहेत. पण हे असे काही पुतण्याला सांगायला गेलो असतो, तर तो म्हणाला असता, “काका, आपण काय जमीनदार आहोत?” आणि त्याचेही बरोबरच होते. साडेचार एकरांचा शेतकरी, डोक्यावर सोसायटीचे कर्ज. त्याने पेरू लावू नयेत, असे सांगणारा मी कोण? महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या जमिनीवर उदार होणे फार सोपे असते.

निकाल लावला तो अण्णांनी, आणि तोही तत्त्वावर नव्हे. सकाळी ते ओढ्याकाठी गेले, गवतात शिरले. गवत त्यांच्या छातीला लागत होते. एक मूठ उपटून त्यांनी पिळली.

“ओल आहे,” ते परत येऊन म्हणाले. “ट्रॅक्टर आपला बागेतला, छोटा. एवढं उंच ओलं गवत त्याला ओढायचं नाही. पट्टा घसरेल, पेटी गच्च होईल. आधी गवत कापून न्यायला पाहिजे, मग यंत्र घाला घाणेरीवर.”

पुतण्याने तोंड वाकडे केले, पण तोही शिकलेला होता. छोट्या यंत्राला हे झेपत नाही हे त्याला ठाऊक होते. त्याने यंत्रवाल्याला फोन केला आणि आठ दिवसांनंतरची पाळी मागून घेतली. न्याय पुष्कळदा असा पट्टा घसरल्यामुळे होतो. अण्णांनी खरोखर पट्ट्याचाच विचार केला होता की आणखी कशाचा, हे मी त्यांना विचारले नाही. साठीच्या भावाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

मावशी, तिची सून आणि सुनेची बहीण अशा तिघी चार दिवस त्या तुकड्यात राबल्या. त्यांचे काम मी शाळेतून येता-जाता पाहत असे. डाव्या हाताने गवताची मूठ धरायची, विळा मुळाशी टेकवून अंगाकडे ओढायचा, मूठ मागे टाकायची आणि उकिडव्यानेच एक पाऊल पुढे सरायचे. मारवेल वेगळी, पवन्या वेगळा. कुसळी मात्र त्यांनी उभीच ठेवली. एकदा तिला कुसळे धरली, की ती गुरांच्या तोंडात रुततात. गवताच्याच पेंढीचा पीळ काढून भारे आवळलेले. मावशीच्या डोक्यावरचा भारा ओढ्याच्या पाण्यातून जाताना खालची म्हातारी दिसतच नसे. गवतच चालत निघाल्यासारखे वाटे.

आठव्या दिवशी यंत्र आले. आधी आम्ही तारा वेचायला सगळा तुकडा पायांखाली घातला. मांडवाची जुनी तार निघाली, ठिबकच्या नळ्या निघाल्या, आणि घाणेरीच्या बुडाशी एक गंजलेला विळा निघाला. त्याची मूठ वाळवीने खाल्ली होती. मावशीने तो लगेच कमरेला खोचला. पाते अजून चांगले आहे म्हणाली.

पुतण्याने ट्रॅक्टर कडेने लावला. बाहेरून गोल गोल फिरत आत जायचे, ही सगळ्यांचीच पद्धत. मावशी दुरून ओरडली, “कडेनं धरू नको रे! मधून धर. जित्राबाला पळायला वाट ठेव.”

मला लहानपणीची बाजरीची सोंगणी आठवली. कडेकडेने सोंगत आले, की शेवटी वावराच्या मध्यावर खाटेएवढी बाजरी उभी राही, आणि तिच्याभोवती पोरे काठ्या घेऊन आणि कुत्री जिभा काढून उभी राहत. त्या बाजरीत ससा असे. पुतण्याने हे पाहिलेले नव्हते. पण त्याने ट्रॅक्टर वळवला, मधून एक पट्टा काढला आणि आतून बाहेर काम करीत गेला. आम्ही सगळे लांब बांधावर उभे होतो, कारण पेटीतून उडालेला खडा गोफणीसारखा जातो. तिसऱ्या फेऱ्याला एक धामण सळसळत ओढ्याकडे गेली. मग ससा. तो बांधाजवळ क्षणभर थांबला, कान उभारले, आणि मावशीच्या घराच्या दिशेने गेला.

घाणेरी मोडताना जो आवाज येतो, तो ऐकायला हवा. मनगटाएवढे बुंधे कडाकड तुटत आणि मागे रुळाखालून भुसा होऊन बाहेर पडत. वास मात्र उग्र. एवढे करून घाणेरी संपत नाही. बुडखे खणून काढले नाहीत तर पुढल्या पावसाळ्यात ती पुन्हा फुटणार. गाजरगवतही फुलण्याआधी कापले तरच उपयोग, नाहीतर यंत्रच त्याचे बी पेरीत जाते. यंत्राचे पुढारपण इथवरच. त्यापुढे कुदळ आहे आणि माणसाची पाठ आहे.

दुपारपर्यंत कुठूनसे गायबगळे जमले. पूर्वी ते बैलांच्या पायांत घोटाळत, आता ट्रॅक्टरच्या मागे उड्या मारीत किडे टिपतात. त्यांचे त्यात काही अडलेले दिसत नाही.

संध्याकाळी मावशी दूध घेऊन आली ती सरळ त्या तुकड्यात गेली. खाली वाकून तिने मूठभर चुरा उचलला, हातात चोळला, हुंगला.

“बारीक झकास करतं,” ती पुतण्याला म्हणाली. “माझं वैरण असं करून देशील का? म्हातारी म्हैस, दात गेलेत तिचे. निम्मं टाकून देती.”

पुतण्या हसला. याने जमत नाही, याच्यात माती येते, असे त्याने तिला सांगितले. त्यासाठी कडबाकुट्टीचे वेगळे यंत्र असते. ते केवढ्याला पडते, हे तिने विचारले नाही. पण परवा मी लासलगावच्या बाजारातून येत होतो, तर हा गडी अवजारांच्या एका दुकानात उभा राहून, एका हाताने फिरवायच्या कुट्टीयंत्राचे चाक फिरवून पाहत होता.