एक थेंब, वेळेआधी

दिसायला ती साधी. दुधासारखी पांढरी, किंचित दाट, तेलात घोटलेली. एका माशाच्या वाट्याला येते ती 0.05 मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब. त्या थेंबात रोगाचे जिवाणू असतात, पण मारलेले. बहुधा फॉर्मलिनने त्यांचा जीव घेतलेला असतो आणि रूप तेवढं शाबूत ठेवलेलं असतं. माशाच्या पोटात शिरून ती त्या रूपाची ओळख करून देते. पुढे खरा शत्रू आला की शरीराने त्याला ओळखावं, एवढंच तिचं काम. ही माशांची लस. जगाच्या पाठीवर दरवर्षी कोट्यवधी माशांना ती टोचली जाते आणि ताटात मासा वाढून घेणाऱ्याला तिचं नावही ठाऊक नसतं.

तिचा स्वभाव नीट कळायला मला ओमानमधलं निझवा हे गाव फार योग्य वाटतं. मस्कतहून सुमारे दीडशे किलोमीटर आत, हजर पर्वताच्या पायथ्याशी वसलेलं हे खजुराच्या बागांचं गाव. इथला फलज दारिस हा ओमानमधल्या सर्वांत मोठ्या फलजांपैकी एक. 2006 साली युनेस्कोने ओमानमधले जे पाच फलज जागतिक वारशात घेतले, त्यांत तो आहे. फलज म्हणजे जमिनीच्या उतारावरून, कोणत्याही पंपाशिवाय बागांपर्यंत आणलेलं पाणी. ते वाटायचं वेळेच्या हिशोबाने, प्रत्येकाच्या पाळीप्रमाणे. अशा मुलखात पाणी एकदाच वापरून सोडून देणं कुणाला परवडत नाही. म्हणून ओमानमध्ये शेतीला जोडून चिलापी पाळायला उत्तेजन मिळालं. पाणी आधी माशांच्या टाकीत जातं, तिथून माशांच्या विष्ठेतलं नत्र घेऊन झाडांच्या मुळाशी. तेच पाणी, दोन पिकं.

अडचण सुरू होते उन्हाळ्यात. निझव्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. टाकीतलं पाणी तापतं, त्यातला प्राणवायू कमी होतो, दाटीवाटीने राहणारे मासे थकतात. स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टी नावाच्या जिवाणूला हेच दिवस मानवतात. रोग मेंदूपर्यंत पोचला की मासा गोल गोल फिरू लागतो, अंग वाकडं होतं, डोळे बाहेर येतात आणि त्यांवर पांढरी झाक धरते. चांगले वाढलेले, विकायच्या बेतात आलेले मासे आधी जातात, आणि वर्षभराच्या खाद्याचे पैसे त्यांच्याबरोबर जातात. या जिवाणूची ताकद आखाताने पाहिलेली आहे. 2001 च्या उन्हाळ्याअखेरीस कुवेतच्या उपसागरात त्याने अडीच हजार टनांहून अधिक बोई मासे मारले, तेही पाळलेले नव्हे, मोकळ्या समुद्रातले. 2015 मध्ये सिंगापूरला गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाल्लेली माणसं याच जिवाणूच्या एका वाणाने आजारी पडली. नीट शिजवलेल्या माशापासून ही भीती नाही.

मासे मरू लागले की शेतकऱ्याचा हात खाद्यात औषध मिसळण्याकडे जातो, प्रतिजैविकांकडे. पण आजारी मासा खाणं सोडतो. ज्याला औषधाची गरज असते त्याच्या पोटात ते जात नाही आणि उरलेलं पाण्यात विरघळतं. निझव्यासारख्या ठिकाणी ते पाणी पुढे खजुराच्या मुळाशी जाणार, तिथल्या मातीत आणि तिथल्या जिवाणूंत मिसळणार. त्यातले काही जिवाणू औषधाला सरावतात, आणि ती सवय माणसाला आजारी करणाऱ्या जिवाणूंपर्यंतही जाऊ शकते. लसीचं तसं नाही. टोचलेला थेंब माशाच्या पोटातच राहतो, पाण्यात काही सोडत नाही. जिथे एकच पाणी मासा, झाड आणि माणूस यांच्यात फिरतं, तिथे हा गुण मला सगळ्यांत मोठा वाटतो.

तिची कुळकथाही सांगण्यासारखी आहे. 1942 साली कॅनडात डफ नावाच्या संशोधकाने क्लोरोफॉर्मने मारलेले जिवाणू ट्राउट माशांना खाद्यातून दिले आणि ते फुरंक्युलोसिस या रोगापासून वाचतात हे दाखवलं. पण त्याच सुमारास प्रतिजैविकांचं युग उजाडलं आणि तिच्याकडे पाहायला कुणाला सवड राहिली नाही. 1976 मध्ये अमेरिकेत माशांच्या पहिल्या व्यापारी लशीला परवाना मिळाला. तिची खरी परीक्षा मात्र नॉर्वेत झाली. 1987 च्या सुमारास तिथले सामनपालक वर्षाला जवळजवळ पन्नास टन प्रतिजैविकं वापरत होते. तेलातली लस आली, जागा आलटूनपालटून रिकाम्या ठेवण्याची शिस्त आली, आणि काही वर्षांत तो आकडा कोसळला. आज तिथे सामन बारा लाख टनांहून अधिक निघतो आणि प्रतिजैविकं वर्षाला टनभरही लागत नाहीत. शेतीच्या इतिहासात असे हिशोब फार थोडे.

एवढं असूनही तिच्याशी जमवून घेणं सोपं नाही. तिला 2 ते 8 अंशांची थंडी लागते. गोठली तर तिची घडण मोडते, आणि निझव्याच्या उन्हात गाडीत विसरली तर ती फुकट. एका रोगाची लस दुसऱ्यावर चालत नाही; इतकंच काय, त्याच जिवाणूच्या एका प्रकारावर बेतलेली लस दुसऱ्या प्रकारापुढे बहुधा अपुरी पडते. म्हणून मेलेल्या माशाच्या मेंदूतून, मूत्रपिंडातून जिवाणू वाढवून तो कोण आहे हे आधी शोधावं लागतं. हा खर्च टाळून जो लस आणतो, तो पुढे लशीलाच दोष देतो. शिवाय तिला वेळ हवा असतो. माशाचं रक्त पाण्याच्या तापमानाने चालतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती यायला किती दिवस लागतील हेही पाणीच ठरवतं. थंड पाण्यात दीड-दोन महिने लागतात, कोमट पाण्यात काही आठवड्यांत भागतं. मासे मरायला लागल्यावर तिला बोलावून काही उपयोग नाही. ती आजारी माशाला बरं करत नाही.

लसीकरणाच्या आदल्या दिवशी बोटुकलींचं खाद्य बंद करतात, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि सुई आतड्याला लागत नाही. मग त्यांना थोडे थोडे करून भुलीच्या पाण्यात सोडतात. या भुलीसाठी ट्रायकेन वापरतात, काही ठिकाणी लवंगेचं तेल. मासा शांत झाला की त्याला उताणा धरून पोटाच्या मध्यरेषेवर, पोटाकडच्या परांच्या जरा पुढे, आखूड सुई टोचायची. सुई लांब असली तर आतल्या अवयवांना इजा होते, फार आखूड असली तर थेंब स्नायूतच राहतो. सरावलेला हात तासाला हजाराहून जास्त मासे टोचतो. तीच सुई चुकून माणसाच्या बोटात गेली तर तेलामुळे बोटावर बेतू शकतं, लगेच डॉक्टर गाठावा लागतो. माशालाही ती थोडा त्रास देते: पोटात अवयव एकमेकांना चिकटतात, काळे डाग राहतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण गोल गोल फिरत मरण्यापेक्षा हे दुखणं पुष्कळ हलकं आहे.

फार लहान पिल्लांना टोचता येत नाही. त्यांच्यासाठी ती पाण्यात मिसळते किंवा खाद्यातून येते. तेव्हा तिचा प्रभाव कमी काळ टिकतो, तरी लहानपणीचे धोक्याचे आठवडे ती निभावून नेते.

आपल्याकडे तिची पावलं आता वाजू लागली आहेत. 1961 पासून मुंबईत असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या माशांच्या कॉलम्नारिस आणि एडवर्डसिएलोसिस या दोन जिवाणूजन्य रोगांवरच्या लशी बाजारात आणण्यासाठी इंडियन इम्युनॉलॉजिकल्स या कंपनीशी हातमिळवणी केली आहे. उजनीच्या पाण्यात चिलापी किती आहे ते भिगवणच्या बाजारात गेलेल्या कुणालाही माहीत असतं. राज्यभर शेततळ्यांत आणि धरणांतल्या पिंजऱ्यांत मासे पाळले जात आहेत, आणि आपलाही उन्हाळा आता निझव्याकडे झुकतो आहे.

मासे पाळणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे. या उन्हाळ्यात तळ्यात मासा मेला तर तो फेकून देऊ नका आणि दुकानातून औषधाची पुडीही आणू नका. नुकता मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला मासा बर्फात ठेवून जवळच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा प्रयोगशाळेत पोचवा आणि रोगाचं नाव लेखी मागा. पुढच्या हंगामाची लस त्या नावावरच ठरेल.